ठिणगीचा माग

लखनौहून कानपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर अमौसीचा विमानतळ मागे पडला की सरोजिनीनगर लागते. 'स्कूटर्स इंडिया लिमिटेड' या केंद्र सरकारच्या कंपनीचा कारखाना येथे होता. १९७२ साली ही कंपनी स्थापन झाली आणि २०२१ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने ती बंद करण्याचा निर्णय घेतला. कारखाना गेला तरी त्याचे नाव मात्र रस्त्यावर राहून गेले आहे. तेथील चौकास लोक अजूनही 'स्कूटर इंडिया' म्हणूनच ओळखतात. या चौकापासून काही अंतरावर, दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, माझी जुनी मोटरसायकल भर दुपारी बंद पडली. तिला पुन्हा चालू करण्याच्या खटपटीत मला जो इतिहास वाचावा लागला त्याविषयी मी आज आपल्याशी बोलणार आहे.

मोटरसायकलीचा इतिहास सांगणारे बहुधा तिच्या वेगाचा, घोडेशक्तीचा आणि शर्यतींचा इतिहास सांगतात. माझा विषय त्याहून पुष्कळच लहान, म्हणजे एका ठिणगीएवढा आहे. पेट्रोलच्या इंजिनास पेट्रोल आणि हवा यांचे योग्य मिश्रण लागते, ते दाबून धरणारा दट्ट्या लागतो, आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी लागते. यांतील पहिल्या दोहोंचा पत्ता मनुष्याच्या इंद्रियांस लागू शकतो. टाकी रिकामी असली तर झाकण उघडताच दिसते. दट्ट्या सैल झाला तर किक मारणाऱ्या पायाला ते कळते. वीज मात्र ना दिसते, ना तिला वास असतो. त्यामुळे जे दुखणे समजत नाही ते विजेच्या नावावर मांडण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. 'करंट येत नाही' या तीन शब्दांत सारे निदान आटोपते, आणि मग एकेक भाग बदलण्यास सुरुवात होते. मीही तेच केले होते. चार महिन्यांत नवा प्लग, नवा कंडेन्सर आणि शेवटी नवी कॉईल इतके सोपस्कार झाले होते, आणि तरीही गाडी अडखळतच होती. गाडी ब्रिटिश वळणाची, सहा व्होल्टची, १९७६ सालची, वडिलांनी घेतलेली. तिच्या कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण दोष त्या कंपनीचा नव्हता, हे पुढे दिसेलच.

गाडी ढकलत मी एका कडुनिंबाखाली आणली. तेथे साठी उलटलेला एक मिस्त्री बसला होता. त्याचे सारे तारुण्य समोरच्या कारखान्याच्या स्कूटरी दुरुस्त करण्यात गेलेले. त्याने गाडीला हात लावला नाही. बसल्या जागेवरून त्याने विचारले, "साहब, पहले यह बताइए, बत्ती जलती है?" दिवा लागत होता, पण पिवळट. हॉर्न? वाजत होता, पण घसा बसल्यासारखा. मग त्याने विचारले की, गाडी तापल्यावर बंद पडली की खड्ड्यात उसळल्यावर? हँडल डावीकडे वळविले असता काही फरक पडतो का? आणि सर्वांत शेवटी: "इससे पहले किसने हाथ लगाया?" हा शेवटचा प्रश्न मला त्या उन्हात केवळ चांभारचौकशीचा वाटला. पण पुढे काही महिने या विषयाचा पाठपुरावा केल्यावर माझ्या ध्यानात आले, की त्याच्या बहुतेक प्रश्नांमागे विजेच्या इतिहासातील एकेक कालखंड उभा होता.

'तापल्यावर बंद पडली का?' हा त्यांतील सर्वांत जुना प्रश्न. तो मॅग्नेटोच्या काळातला आहे. जर्मनीतील स्टुटगार्ट येथे रॉबर्ट बॉश यांच्या लहानशा कारखान्यात १८८७ साली एका जागी बसविलेल्या इंजिनासाठी पहिला मॅग्नेटो तयार झाला. १८९७ साली तो प्रथम वाहनावर, एका तीनचाकी मोटरसायकलीवर, बसविण्यात आला. आणि १९०२ साली बॉश यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग यांची जोडी सिद्ध केली. आजच्या ठिणगीची वंशावळ येथून सुरू होते. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तांब्याच्या तारेची गुंडाळी फिरवावयाची, तीत निर्माण होणारा प्रवाह नेमक्या क्षणी पॉइंट उघडून तोडावयाचा, आणि प्रवाह तुटताच केसासारख्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांच्या दुसऱ्या गुंडाळीत जो काही हजार व्होल्टचा दाब उसळतो तो प्लगच्या टोकाशी न्यावयाचा, अशी ही युक्ती. तिला बॅटरी लागत नाही. इंजिन फिरले की ठिणगी पडते, ठिणगी पडली की इंजिन फिरते.

या बारीक तारेचे वेढे एकमेकांपासून अलग ठेवण्यासाठी त्यांवर जे लेपन देत ते शेलॅकचे असे. शेलॅक म्हणजे आपली लाख. पळस, बोर आणि कुसुम यांच्या फांद्यांवर जगणाऱ्या किड्यांपासून छोटा नागपूरच्या रानांत जी लाख गोळा होई, ती जहाजाने युरोपात जाई. बर्मिंगहॅममध्ये बनलेल्या मॅग्नेटोच्या पोटात आपल्या आदिवासींच्या हातची वस्तू असावी, ही गोष्ट मला मोठी कौतुकाची वाटते. पण लाख ती लाखच; वर्षानुवर्षे तापत राहिली की मऊ पडते, ओघळते. मग थंड असताना एका किकेत चालू होणारी गाडी दहा मैल गेल्यावर निमूटपणे थांबते, आणि तासाभराने थंड झाली की पुन्हा काहीच न झाल्यासारखी चालू लागते. कंडेन्सर कमकुवत झाला असता हेच लक्षण दिसते. पूर्वी अनेक मालकांना ही भुताटकी वाटे. कार्ब्युरेटर दहा वेळा उघडला जाई, पेट्रोलवाल्याशी भांडण होई, आणि कारण राही वितभर लांबीच्या त्या पेटीत दडलेले.

या पेटीची मातबरी पहिल्या महायुद्धात उघडकीस आली. १९१४ साली युद्ध पेटले तेव्हा ब्रिटनमधील बहुतेक मॅग्नेटो जर्मनीतून येत होते. लॉऱ्या, विमाने, निरोप्यांच्या मोटरसायकली ही सारी सामग्री देशात तयार होत असताना तिला पेटविणारी वस्तू मात्र शत्रूच्या कारखान्यातली! ब्रिटनमध्ये मॅग्नेटो बनविणारे अगदी मोजके होते. त्यांपैकी टॉमसन-बेनेट ही कंपनी त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास कंपनीने विकत घेतली, आणि सायकलींचे व जहाजांचे कंदील बनवून नावारूपास आलेली ही कंपनी पुढे ब्रिटिश मोटरसायकलींच्या विजेची प्रमुख पुरवठादार झाली. लुकास यांना 'अंधाराचा राजपुत्र' म्हणण्याचा एक विनोद इंग्रज स्वारांत फार रूढ आहे. रस्त्यात दिवे विझले की तो ठरलेलाच. मला तो पुरता न्याय्य वाटत नाही. पन्नास-साठ वर्षांत दहा मालकांनी जोडलेल्या, तोडलेल्या आणि पिळलेल्या तारांचा दोष मूळ कारागिराच्या माथी मारणे सोपे असते, इतकेच.

दोन महायुद्धांच्या दरम्यान या मॅग्नेटोच्या पाठीवर एक डायनमो बांधण्यात आला आणि त्या जोडगोळीस 'मॅगडायनो' हे नाव पडले. मॅग्नेटोने ठिणगी द्यावी आणि डायनमोने बॅटरी भरून दिव्यांची व हॉर्नची सोय पाहावी, अशी ही विभागणी. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने वापरलेल्या बीएसए एम-२० आणि नॉर्टन १६-एच या गाड्यांवर हीच व्यवस्था होती. युद्ध संपल्यावर लष्करी वाहने 'डिस्पोजल'च्या विक्रीत निघाली आणि खाकी रंगावर काळा रंग चढवून नागरी जीवनात आली. त्या गाड्यांवर हात बसलेल्या मिस्त्रींची एक पिढी होती. दिवा आणि ठिणगी यांचा काही संबंध नाही, हे तिच्या हाडीमाशी भिनलेले होते, आणि मॅगडायनोपुरते ते खरेही होते. बॅटरी काढून घरी ठेवली तरी गाडी चाले. पण हाच ठोकताळा जेव्हा कॉईलच्या गाडीला लावला जाई, तेव्हा घोटाळा होई.

कॉईलची पद्धत अमेरिकेतून आली. डेटन येथील चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास ती मोटारींसाठी यशस्वी करून दाखविली, आणि त्यांचाच विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीवर बसला. येथे चुंबक नाही. बॅटरीतील सहा किंवा बारा व्होल्टचा प्रवाह किल्लीतून कॉईलमध्ये, कॉईलमधून पॉइंटमध्ये आणि तेथून गाडीच्या सांगाड्यात जातो. पॉइंट उघडला की ठिणगी. मॅग्नेटोपेक्षा हे पुष्कळ स्वस्त. परंतु स्वस्ताईची किंमत अशी, की ठिणगी आता बॅटरीची बांधील झाली. बॅटरी, फ्यूज, किल्ली, अर्धा डझन जोड आणि सांगाड्यापर्यंत जाणारी पट्टी यांपैकी कोठेही अडथळा आला की इंजिन थांबते. म्हणून मिस्त्रीचा पहिला प्रश्न दिव्याचा होता. दिवा लागतो पण पिवळट, हॉर्न वाजतो पण बसका, म्हणजे बॅटरीत जीव आहे, मात्र वाटेत कोठेतरी तो गळतो आहे. इतके त्याला गाडीजवळ न येताच समजले होते.

लखनौच्या इतिहासात मात्र तिसऱ्याच पद्धतीला मान आहे. मिलानच्या लँब्राते या उपनगरात फेर्दिनांदो इनोचेंती यांनी १९४७ साली लँब्रेटा स्कूटर काढली. मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने १९५० नंतरच्या दशकात ती आपल्याकडे आणली. मुंबईच्या रस्त्यांवर ती पुढे 'लॅम्बी' या नावानेही धावली. इटलीतील उत्पादन थांबले तेव्हा भारत सरकारने यंत्रसामग्री, नकाशे आणि 'लँब्रेटा' हे व्यापारी नाव असे सारेच विकत घेऊन लखनौस आणले. १९७५ साली उत्पादन सुरू झाले. देशात या स्कूटरला 'विजय' म्हणत आणि परदेशी ती लँब्रेटा म्हणून जाई. तो काळ स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा. आकुर्डीची बजाज मिळावी म्हणून आपल्याकडे जी घरे देव पाण्यात घालून बसत, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. १९९७ साली लखनौच्या दुचाकीचे उत्पादन थांबले. त्यानंतर त्या कारखान्याचे नाव राखले ते 'विक्रम' या तीनचाकीने, जिने उत्तर हिंदुस्थानातील लहानमोठ्या शहरांची प्रवासी वाहतूक आपल्या पाठीवर वाहिली.

लँब्रेटाच्या इंजिनाच्या एका टोकाला जड गतिचक्र असते. त्यातच चुंबक बसविलेले, आणि आत एका स्थिर तबकडीवर तारेची वेटोळी व पॉइंट. चुंबक फिरतो, गुंडाळी जागच्या जागी राहते. जुन्या मॅग्नेटोच्या नेमके उलट. बॅटरी नसलेल्या लँब्रेटाचे दिवेही याच वेटोळ्यांवर चालत, म्हणून इंजिनाचा वेग वाढला की दिवा उजळे आणि चौकात गाडी हळू झाली की तो मिणमिणे. मागचा दिवा फुटला तर त्याच्या वाट्याची वीज पुढच्या दिव्यावर येऊन तोही जाई. 'एक गेला की दुसरा सती जातो', असे या दिव्यांविषयी गमतीने म्हटले जाई. पॉइंटपर्यंत पोचावयाचे तर गतिचक्राला एक खिडकी ठेवलेली असे. तीतून अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी अशी पॉइंटमधील फट साधावयाची. ही फट पातळ मापपट्टीने मोजण्याची रीत. पण माझा मिस्त्री ती पोस्टकार्डाच्या तुकड्याने मोजत आला होता. आपण ही गोष्ट कारखान्यातल्या एका फोरमनला सांगितली तेव्हा तो रागावला, मग त्याने मापपट्टी लावून पाहिली आणि काही न बोलता निघून गेला, असे त्याने मला अभिमानाने सांगितले. खरेखोटे तोच जाणे.

अशा स्कूटरींवर वाढलेल्या माणसाने सहा व्होल्टच्या, बॅटरीवर चालणाऱ्या मोटरसायकलीचा दोष कसा हुडकावा? त्याने तो हुडकला, आणि येथे सहा व्होल्टविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. शिशाच्या बॅटरीचा एक कप्पा दोन व्होल्टचा असतो. तीन कप्प्यांची बॅटरी लहान व हलकी, म्हणून दुचाकीवर तीच दीर्घकाळ राहिली. पण दाब कमी असला की तेवढ्याच कामासाठी प्रवाह जास्त लागतो. तीस वॉटचा दिवा बारा व्होल्टवर अडीच अँपिअर घेतो, सहा व्होल्टवर पाच. आता समजा एखाद्या गंजलेल्या जोडात एकपंचमांश ओहमचा रोध उत्पन्न झाला. हा रोध इतका क्षुल्लक, की साध्या मापकयंत्रावर त्याची दखलही घेतली जाणार नाही. पाच अँपिअर त्यातून जाताना एक पुरा व्होल्ट तेथेच खर्ची पडतो. सहांतला एक! दिव्याचा उजेड दाबाच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने कमी होतो; एकषष्ठांश दाब गेला तर उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. बारा व्होल्टच्या गाडीत त्याच जोडापायी अर्धाच व्होल्ट जाईल, आणि तोही बारांतला, म्हणजे स्वाराला त्याचा पत्ताही लागणार नाही. जुन्या गाड्यांच्या विजेची जी बदनामी झाली तिच्यातील पुष्कळसा भाग या एका गणितात आहे, असे माझे मत झाले आहे. यंत्र वाईट नव्हते. चूक पोटात घालण्याइतकी ऐपत त्याच्याजवळ नव्हती.

१९५० नंतरच्या ब्रिटिश गाड्यांत डायनमो जाऊन अल्टरनेटर आला, आणि निदान आणखी अवघड झाले. अल्टरनेटरचा प्रवाह क्षणाक्षणाला दिशा बदलणारा. तो बॅटरीला मानवत नाही, म्हणून मध्ये रेक्टिफायर आला. बॅटरी फाजील भरू नये म्हणून प्रारंभी अशी योजना होती, की दिवे बंद असताना अल्टरनेटरची काहीच वेटोळी कामाला लावावयाची आणि मोठा दिवा लावला की सर्व. हे काम दिव्याच्या बटणाकडेच सोपविलेले होते. परिणामी दिव्याचे बटण बिघडले की बॅटरी उपाशी राही, आणि बॅटरी उपाशी राहिली की ठिणगी मरे. मालक बिचारा कॉईल बदलीत बसे. दिव्याच्या बटणाचा आणि इंजिनाच्या थांबण्याचा संबंध कोणाच्या स्वप्नात यावा? याच गाड्यांच्या किल्लीला 'इमर्जन्सी' नावाची एक जागा असे. बॅटरी पार मेली असता किल्ली तेथे फिरवावी आणि अल्टरनेटरच्या थेट प्रवाहावर गाडी चालू करावी. चालू झाल्यावर ती परत फिरविण्यास विसरले, की बॅटरी भरत जाई तसतशी गाडी अडखळू लागे. कष्टाने सोडविलेल्या संकटातून नवे संकट निघे. १९६० नंतर झेनर डायोड आला आणि जादा वीज उष्णतेच्या रूपाने हवेत सोडून देऊ लागला, तेव्हा हे बटणांचे राज्य संपले.

अर्थ कोणत्या ध्रुवाचा, हाही त्या काळातील एक सापळाच. आज आपण बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक जोडलेले असे. त्यामागे प्लगची झीज कमी होईल असे कारण सांगितले जाई. नवा मालक सवयीने बॅटरी आजच्या रीतीने बसवितो आणि रेक्टिफायर त्याच क्षणी निकामी होतो.

माझ्या गाडीत यांपैकी काही नव्हते. मिस्त्रीने प्रथम मला किल्ली फिरवून किक अगदी सावकाश, हाताने दाबावयास सांगितली आणि स्वतः दिव्याच्या टोपीवरील अँमीटरकडे पाहत राहिला. पॉइंट मिटला की काटा डावीकडे, खर्चाच्या बाजूला, झुकला पाहिजे आणि उघडला की मध्यावर आला पाहिजे. काटा हलत होता, पण आळसावल्यासारखा. मग त्याने हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिले, कारण हँडलच्या मानेपाशी तारा रोज वाकतात आणि वरचे आवरण शाबूत राहून आतील तांबे तुटते. काट्यात फरक पडला नाही. तरीही त्याने तेथील कापडी पट्टी सोडलीच. आत एक जोड निघाला. निळ्या तारेचा मधला वीतभर तुकडा गायब होता आणि त्या जागी घरातल्या टेबलदिव्याची पांढरी पिळाची तार घातलेली होती; तीवर काळी पट्टी नव्हे तर जखमेवर लावण्याची चिकटपट्टी, आता तपकिरी पडलेली.

"यह किसका काम है?" त्याने विचारले.

वडिलांचे होते. एका पावसाळ्यात बाराबंकीच्या वाटेवर त्यांना रात्री थांबावे लागले होते, ती हकीकत मी लहानपणी अनेकदा ऐकली होती; तिचा हा पुरावा मात्र प्रथमच पाहत होतो. मला थोडी शरम वाटली आणि मी म्हणालो, "उस्ताद, हे काढून टाका. सगळे वायरिंगच नवे घालू." त्याने उत्तर दिले नाही. त्याच्याजवळ सहा व्होल्टचा एक लहान दिवा होता, त्याला दोन लांब तारा. एक टोक जोडाच्या अलीकडे, एक पलीकडे लावून त्याने दिवा पाहिला. लागला नाही, म्हणजे जोडात दाब गळत नव्हता. "पक्का है," तो म्हणाला, आणि चिकटपट्टीवर नवी काळी पट्टी गुंडाळून पुढे सरकला.

नंतर त्याने त्या दिव्याचे एक टोक बॅटरीच्या सुट्या टोकाला धरले आणि दुसरे क्रमाक्रमाने तीन ठिकाणी टेकविले. प्रथम बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला: झगझगीत उजेड. मग इंजिनाला: मंद. मग सांगाड्याच्या एका खरवडलेल्या जागेला: मंदच. बॅटरीपासून सांगाड्यापर्यंत जाणारी जी पट्टी असते, तिच्या बोल्टाशी तो थांबला. बोल्ट घट्ट होता, पट्टी नवी होती. त्याने बोल्ट काढला. पट्टीखाली काळा, चकचकीत, गुळगुळीत रंग होता.

चार महिन्यांपूर्वी मी हौसेने गाडीचा सांगाडा रंगवून घेतला होता. रंग उत्तम बसला होता, पाहणारे वाखाणीत. कारागिराने इमानाने कोपरान्‌कोपरा रंगविला, बोल्टाखालची जागाही सोडली नाही, आणि सोडावयास सांगण्याचे मला सुचले नाही. तेव्हापासून इंजिन, दिवा, हॉर्न या सर्वांचा परतीचा प्रवाह बोल्टाच्या आट्यांतून कसाबसा वाट काढीत होता. धक्क्यांनी आणि उष्णतेने तीही वाट त्या दुपारी बुजली. प्लग, कंडेन्सर आणि कॉईल बदलण्याचा क्रम याच रंगानंतर सुरू झाला होता, ही गोष्ट मी सरकारी कागदांत तारखांचा मेळ घालणारा मनुष्य असूनही माझ्या ध्यानात आली नव्हती. 'यापूर्वी कोणी हात लावला?' या प्रश्नाचे उत्तर मी प्रारंभीच खरे दिले असते, तर आम्हां दोघांचा एक तास वाचला असता. मिस्त्रीने खिशातील चाकूने रुपयाएवढी जागा खरवडली, पांढरे लोखंड दिसू लागताच बोल्ट आवळला, आणि दुसऱ्या किकेला गाडी चालू झाली.

त्यानंतर मी त्याच्याकडे अधूनमधून जात असे, काम नसतानाही. लखनौमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला येथे एका दुसऱ्या मराठी माणसाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली या शहरात मॅरिस संगीत महाविद्यालय निघाले. १९६६ पासून ते त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. मुंबईचा हा वकील घराण्याघराण्यांतील उस्तादांच्या दारी जाऊन त्यांच्या कंठातील चिजा उतरवून घेत असे आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'त छापीत असे. कागदावर उतरते ते गाणे नव्हेच, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. त्या थोर कामाशी बरोबरी सांगण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण १९८० नंतर जपानी सहकार्याच्या गाड्या आल्या, पॉइंटच्या जागी हळूहळू बंद डब्यातील इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आली, आणि डबा बिघडला की डबा बदलण्यापुरतेच काम उरले. काट्याच्या आळसावरून दोष ओळखणाऱ्या माणसांचे ज्ञान कोणत्याही पुस्तिकेत नाही, असे मला वाटू लागले होते. म्हणून एके दिवशी मी वही घेऊन त्याच्यासमोर बसलो आणि त्याचे प्रश्न एकामागून एक लिहून काढले: दिवा, हॉर्न, उष्णता, हँडल, आणि शेवटी हात कोणी लावला ते.

मी ते त्याला वाचून दाखविले. त्याने मान हलविली. शेवटचा प्रश्न पहिला हवा, तो म्हणाला. मी खोडले आणि पुन्हा लिहिले. आठवड्याने मी परत गेलो तेव्हा त्याने तोच प्रश्न तिसऱ्या स्थानी नेला आणि हॉर्न साफ गाळून टाकला. मी जरा त्रासून कारण विचारले, तेव्हा त्याने समोर स्टँडवर उभी असलेली एक जुनी विजय दाखविली. तिला हॉर्नच नव्हता, आणि तिचा मालक नुकताच ती भंगारातून घेऊन आला होता.